बाटली ठेवून गेलेले ११ लाख

सदाशिव पेठेतल्या एका अभ्यासिकेत जिन्याच्या तोंडाशी पाटी लावली आहे : ‘बाटली ठेवून जागा धरू नये. अर्ध्या तासाने बाटली उचलली जाईल. नंतर बाटलीची चौकशी करू नये.’ पुण्यात स्पर्धा परीक्षेची तयारी केलेल्यांना याचा अर्थ समजावून सांगायला नको. पहाटे यायचं, टेबलावर पाण्याची बाटली आणि एखादं जाडजूड पुस्तक ठेवायचं, मग चहा-पोहे, मग खोलीवर जाऊन आंघोळ, मग जमलं तर परत. जागा भरलेली दिसते, माणूस नसतो. दर अर्ध्या तासाने तिथले काका फेरी मारतात आणि बेवारस बाटल्या खिडकीत ओळीने मांडून ठेवतात.

या अभ्यासिकेचं हजेरीचं आणि जागा-नोंदणीचं वेब ॲप आम्ही सांभाळतो. आम्ही म्हणजे कोथरूडमधल्या एका फ्लॅटात ऑफिस थाटून बसलेली दोन माणसं, मी आणि माझा ज्युनिअर. अभ्यासिकेच्या तीन शाखा, सदाशिव, नारायण आणि शनिवार पेठेत. मुलं सगळी मिळून साडेतीनशेच्या आसपास. ॲप पीएचपी या भाषेत लिहिलेलं, डेटाबेस मायएसक्यूएलचा आणि सगळं एकाच छोट्या सर्व्हरवर, त्यावर उबुंटू लिनक्स, २० जीबीची डिस्क. एवढ्याशा पसाऱ्यात काय बिघडणार, असं मला वाटायचं.

अनंत चतुर्दशीनंतरच्या सोमवारी ते बिघडलं. कारण शोधत गेलो तर तेही बाटल्यांचंच निघालं. फक्त या बाटल्या सर्व्हरवर होत्या, ११ लाखांहून जास्त, आणि त्या उचलणारं कोणीच नव्हतं.

सोमवारची सकाळ

गणपतीत ढोल-ताशांच्या आवाजात पेठेत अभ्यास होत नाही, म्हणून बरीच मुलं गावी जातात आणि विसर्जनानंतर परततात. त्या सोमवारी सकाळी सव्वासहाला मालकांचा फोन आला. “अहो, पोरं दारात उभी आहेत. लॉगिन करतात, पुन्हा लॉगिनचंच पान येतं. काका वहीत हजेरी घेतायत.” वहीचा उल्लेख मुद्दाम होता. ॲप आलं तेव्हा वही बंद करा असं मीच सांगितलं होतं.

पासवर्ड चुकीचा टाकला तर ‘चुकीचा पासवर्ड’ असं नीट येत होतं. बरोबर टाकला की काहीही न बोलता परत पहिल्या पानावर. मी डेटाबेस पाहिला, ठीक होता. पीएचपी रीस्टार्ट केलं, फरक नाही. डिस्क भरली का पाहिली, ५३ टक्के. अर्धी रिकामी. चाळीस मिनिटं अशीच गेली. मला घाम फुटला होता आणि सर्व्हरवर नजर ठेवणारी आमची सेवा शांतपणे हिरवा दिवा दाखवत होती, कारण पान उघडत होतं. पान उघडणं एवढंच ती तपासते.

खरा धागा मालकांच्याच दुसऱ्या फोनमध्ये होता. “गंमत बघा, गणपतीत जी मुलं इथेच होती त्यांचं चालतंय. गावाहून आलेल्यांचं चालत नाही.” मी हे ऐकून सोडून दिलं. ज्युनिअरने सोडलं नाही. तो म्हणाला, “दादा, ज्यांचं आधीपासून लॉगिन आहे त्यांचं चालतंय. म्हणजे जुनं सेशन वाचता येतंय, नवं तयार होत नाहीये.” (सेशन म्हणजे लॉगिनची सर्व्हरकडची नोंद, नीट पुढे सांगतो.)

मग सर्व्हर चुका लिहून ठेवतो तो एरर लॉग उघडला. तिथे ओळीमागून ओळ एकच : सेशन सुरू करता आलं नाही, ‘नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस’, कंसात २८. डिस्क अर्धी रिकामी आणि तक्रार जागा नसल्याची.

इथे ज्यांनी लिनक्स सर्व्हर सांभाळले आहेत ते हसले असतील. ‘डीएफ’ ही कमांड नुसती चालवली तर किती जीबी शिल्लक ते सांगते. तिलाच ‘आय’ जोडला की आयनोड किती शिल्लक ते सांगते. आमचे शिल्लक होते शून्य.

आयनोड म्हणजे फाइलची नोंद. फाइल १ जीबीची असो की १ बाइटची, तिला एक आयनोड लागतोच. ईएक्सटी४ या फाइल सिस्टिममध्ये डिस्क फॉरमॅट करतानाच आयनोड किती ते ठरून जातं. वेगळं काही सांगितलं नाही तर दर १६ केबीमागे एक. २० जीबीला हिशेब केला तर १३,१०,७२० येतात. नंतर जागा कितीही मोकळी असो, नोंदी संपल्या की नवी फाइल तयार होत नाही. हॉल मोठा आहे, फिरायला जागा आहे, पण खुर्च्यांचे नंबर संपलेत, असं काहीसं. लॉग मात्र लिहिला जात होता, कारण तो जुन्याच फाइलमध्ये पुढे जोडला जातो. डेटाबेसही त्याच कारणाने चालू होता. बंद पडलं ते एवढंच, ज्याला दर वेळी कोरी फाइल लागते ते. म्हणजे सेशन.

सेशन कशासाठी असतं हे दोन ओळींत सांगतो. ब्राउझरला आधीचं काही आठवत नसतं, म्हणून सर्व्हर त्याला कुकीत एक लांबलचक क्रमांक देतो आणि त्या क्रमांकाच्या नावाने स्वतःकडे एक फाइल ठेवतो. हा कोण, लॉगिन आहे का, भाषा कोणती, ते सगळं त्या फाइलमध्ये. माणूस ब्राउझर बंद करून निघून जातो तेव्हा सर्व्हरला कोणी कळवत नाही. फाइल तशीच राहते. टेबलावरच्या बाटलीसारखी.

एवढ्या आल्या कुठून

सेशनच्या फोल्डरमध्ये यादी मागितली तर टर्मिनल अडकून बसलं. यादी दाखवण्याआधी ती कमांड सगळी नावं वाचते आणि क्रम लावते, लाखांचा क्रम लावायला वेळ लागतोच. ‘फाइंड’ या दुसऱ्या कमांडने मोजल्या : ११ लाख २० हजारांच्या घरात. मुलं साडेतीनशे.

पहिला संशय अर्थात बॉटवर, म्हणजे आपोआप पानं चाळत फिरणाऱ्या प्रोग्रामवर. गूगलचा क्रॉलर कुकी जपून ठेवत नाही, तो प्रत्येक पानाला नवखा पाहुणा. पण त्यांचा वाटा लाखभराच्या आतच होता. बाकीचं सगळं आमच्याच घरचं निघालं.

तिन्ही शाखांच्या दारावर एलईडीची एक छोटी पाटी आहे : ‘रिकाम्या जागा – १४’. अभ्यासिकेतल्याच एका इंजिनिअरिंग झालेल्या मुलाने दोन महिन्यांच्या फीच्या बदल्यात ती बनवून दिली होती. आत ईएसपी३२चा, वाय-फाय असलेला छोटा बोर्ड, दर ३० सेकंदांनी आमच्या सर्व्हरला विचारतो, आकडा घेतो, दाखवतो. काम चोख. पण तो कुकी साठवत नाही, त्याने का साठवावी? आणि आमच्या ॲपमध्ये प्रत्येक पानाच्या डोक्यावर जी सामाईक फाइल जोडलेली असते तिच्या पहिल्याच ओळीत सेशन सुरू होतं. आकडा विचारणाऱ्या पानालाही. म्हणजे दर ३० सेकंदांनी प्रत्येक पाटी नवी व्यक्ती बनून यायची, सर्व्हर तिच्यासाठी नवी फाइल उघडायचा, आणि ती व्यक्ती पुन्हा कधीच यायची नाही.

मिनिटाला दोन, तीन पाट्या, म्हणजे सहा. त्यात हिरवा दिवा दाखवणारी ती सेवा, मिनिटाला एक. एकूण सात. दिवसाची मिनिटं १,४४०. दिवसाला १०,०८० फायली. शंभर दिवसांत दहा लाख ओलांडतात. ऑपरेटिंग सिस्टिमच्या स्वतःच्या दीड-दोन लाख फायली धरल्या की तेरा लाख भरले. शेवटची सेशन-फाइल शनिवारी रात्री पावणेबाराची होती. रविवारी तीन-चार मुलांनी तक्रार केली होती म्हणे, काकांनी “नेट गेलं असेल” म्हणून त्यांची नावं वहीत लिहिली. वही बंद झालीच नव्हती.

झाडणाऱ्याला पत्ता न सांगता

फायली तयार होणं हा अर्धा भाग झाला. त्या पुसल्या का गेल्या नाहीत? हा भाग मला जास्त बोचला, कारण यात तीन निर्णय होते आणि एकेक पाहिला तर तिन्ही शहाणपणाचे.

जूनच्या आधी ॲप शेअर्ड होस्टिंगवर होतं, म्हणजे अनेकांच्या साइट एकत्र असलेल्या भाड्याच्या सर्व्हरवर. तिथे झाडलोट होस्टिंगवाल्यांची. जूनच्या पहिल्या आठवड्यात स्वतःच्या सर्व्हरवर आलो, कारण निकालाच्या दिवसांत तिथे ॲप रांगायचं.

नव्या सर्व्हरवर दोन दिवसांत तक्रारी आल्या : “दादा, तासभर पुस्तक वाचलं की लॉगआउट.” बरोबरच होतं. पीएचपीत सेशनची मुदत मुळात १,४४० सेकंद असते, २४ मिनिटं. (दिवसाची मिनिटंही १,४४० आणि इथले सेकंदही तेवढेच, त्या सोमवारी या एका आकड्याने मला दोनदा चकवलं.) अभ्यासिकेत मूल फोन उलटा ठेवून वाचतं, तीच तर अपेक्षा. तेव्हा ज्युनिअरने कोडमध्ये एका ओळीत मुदत ४३,२०० सेकंद केली, म्हणजे १२ तास. काही फरक पडला नाही.

का पडला नाही ते त्या वेळी आम्ही खोदलं नाही. आता खोदलं. पीएचपीची स्वतःची सफाईची रीत अशी की सेशन सुरू होताना ठरावीक शक्यतेने, मुळात शंभरात एकदा, ती जुन्या फायली झाडून काढते. पण डेबियन आणि त्याच्यावर उभ्या असलेल्या उबुंटूमध्ये ही शक्यता शून्यावर ठेवलेली असते. कारणही चांगलं आहे. तिथे सेशनच्या फोल्डरच्या परवानग्या अशा असतात की वेब सर्व्हरला आपली फाइल ठेवता येते, उघडता येते, पण फोल्डरमध्ये आणखी कोणाकोणाच्या फायली आहेत ते पाहता येत नाही. ज्याला यादीच दिसत नाही तो झाडणार काय? म्हणून झाडायचं काम सिस्टिमच्या एका टायमरकडे दिलेलं असतं, तो दर तासाला ९ आणि ३९ मिनिटांनी येतो. आमच्या काकांसारखाच, अर्ध्या तासाने. फोल्डर कुठलं आणि मुदत किती हे तो पीएचपीच्या मुख्य सेटिंग फाइलमधून वाचतो. कोडमध्ये कोणी काय लिहिलंय ते त्याला माहीत नसतं, असण्याचं कारणही नाही. आम्ही १२ तास म्हटलं, त्याने २४ मिनिटंच वाचली.

तेव्हा तिसरा निर्णय. मुदत वाढत नाही म्हटल्यावर ज्युनिअरने कोडमध्येच सेशनचं फोल्डर बदललं, ॲपच्या शेजारी नवं काढलं. तक्रारी बंद. मुलं खूष, मालक खूष. त्या बदलावर ‘छान’ असं लिहून तो पुढे ढकलणारा मी. नव्या फोल्डरला मुदत मोठी होती, हे खरं. खरं तर तिथे मुदतच नव्हती. पीएचपीची स्वतःची झाडणी शून्यावर, आणि टायमर इमानेइतबारे दर अर्ध्या तासाने जुन्या, रिकाम्या फोल्डरमध्ये जाऊन झाडून येत होता. झाडणाऱ्याला पत्ता न सांगता आम्ही घर बदललं होतं.

कचऱ्यात काय होतं

ज्युनिअरचं पहिलं वाक्य : “उडवून टाकू सगळं, फार तर मुलं परत लॉगिन करतील.” सहसा हे खरंच असतं. मी हो म्हणणार होतो. त्याने तारांकन टाकून सगळं पुसायची कमांड दिलीही, पण ‘आर्ग्युमेंट लिस्ट टू लाँग’ म्हणून ती नाकारली गेली, कारण शेल, म्हणजे कमांड वाचणारा प्रोग्राम, आधी सगळी लाखो नावं एका ओळीत मांडायला बघतो आणि तेवढी लांब ओळ लिनक्सचा गाभा, कर्नल, घेत नाही. या नकाराने आम्हाला पाच मिनिटं दिली. त्या पाच मिनिटांत मालकांशी बोलणं झालं.

मी सहज म्हणालो की अर्धवट राहिलेल्या जुन्या नोंदी पुसतोय. ते थांबले. “अर्धवट म्हणजे? प्रवेशाचा फॉर्म अर्धवट राहतो तोसुद्धा?”

फॉर्मचे तीन टप्पे आहेत. पहिल्यात नाव, मोबाइल. दुसऱ्यात फी भरून यूपीआयचा व्यवहार क्रमांक लिहायचा. तिसऱ्यात फोटो आणि ओळखपत्र. तिसरा टप्पा झाला की मगच डेटाबेसमध्ये नोंद, तोपर्यंत सगळं सेशनमध्ये. म्हणजे पैसे भरून, क्रमांक लिहून, फोटो जवळ नाही म्हणून जो उठला, त्याची आमच्याकडची एकमेव खूण त्या सेशन-फाइलमध्ये होती. मालकांच्या डायरीत एक पान होतं, बँकेत आलेली पण कोणाची ते न कळलेली रक्कम. त्यांना वाटत होतं मुलं सांगायला विसरतात. मुलांना वाटत होतं फॉर्म भरला म्हणजे झालं, जागा नाही मिळाली तर अभ्यासिकावाले लबाड.

मग घाई सोडली. दोन-चार फायली उघडून पाहिल्या. पीएचपीची सेशन-फाइल साधा मजकूर असते, डोळ्यांनी वाचता येते. पाट्यांनी आणि बॉटनी केलेल्या फायलींमध्ये फक्त दोन गोष्टी होत्या, फॉर्मच्या सुरक्षेचं ६४ अक्षरी टोकन आणि भाषा मराठी असल्याची खूण. मोजलं तर अशी प्रत्येक फाइल नेमकी ९३ बाइटची. (डिस्कवर मात्र ४ केबी अडवून बसलेली, कारण डिस्कवर जागा ज्या तुकड्यांत दिली जाते तो ब्लॉकच तेवढा. त्या ५३ टक्क्यांतले चार-साडेचार जीबी हेच होते.) कोणाचं नाव, लॉगिन किंवा फॉर्म असेल तर फाइल याहून मोठी असणारच. चाळणी मिळाली.

ज्या बरोबर ९३ बाइटच्या आणि ज्यांना एका दिवसात कोणी शिवलेलं नाही, तेवढ्या ‘फाइंड’च्याच पर्यायाने पुसायला लावल्या. तो नावं एका ओळीत मांडत नाही, सापडली की पुसतो. पहिल्या काही हजार गेल्या आणि मालकांचा मेसेज आला, लॉगिन होतंय. साडेसात वाजले होते. सगळ्या पुसून झाल्यावर उरल्या २६ हजारांच्या आसपास. त्यांची गठडी बांधून बाजूला ठेवली आणि त्यात यूपीआय क्रमांक असलेल्या पण डेटाबेसमध्ये नोंद न झालेल्या शोधल्या. १७ निघाल्या.

डायरीतल्या पानाशी ताडून पाहिल्यावर १७ पैकी १४ रकमा जुळल्या. उरलेल्या तिघांनी बहुधा क्रमांक लिहून पैसे भरलेच नसावेत. मालकांनी त्याच दिवशी फोन केले. एका मुलीने दोन महिन्यांपूर्वीच दुसरीकडे जागा घेतली होती, तिला पैसे परत गेले.

मी हे लिहितोय ते सफाईचं प्रकरण म्हणून, पण यातली अडचणीची गोष्ट ही आहे की सफाई बंद होती म्हणून ते १७ सापडले. शेअर्ड होस्टिंगवर सगळं नीट झाडलं जात होतं तेव्हा असे किती जण झाडले गेले असतील? डायरीची मागची पानं मालकांनी मला दाखवली नाहीत, मीही मागितली नाहीत.

काय बदललं

सर्वांत आधी फॉर्म. दुसऱ्या टप्प्यातच डेटाबेसमध्ये ‘अपूर्ण’ म्हणून नोंद होते आणि मालकांना यादी दिसते. सेशनमध्ये आता असं काहीच नाही जे पुसलं गेल्यावर कोणाचे पैसे अडकतील. हे झाल्याशिवाय पुढच्या कशालाही हात लावायचा नाही, असं ठरवलं आणि दोन दिवस तसेच थांबलो.

मग कचरा होतो तिथेच तो थांबवला. रिकाम्या जागांचा आकडा देणारं पान आणि हिरव्या दिव्याची सेवा उघडते ते तब्येत तपासणारं पान, दोन्हीकडे सेशन सुरूच होत नाही. बाकीच्या पानांवरही कुकी घेऊन आलेल्यालाच सेशन, नवख्याला फॉर्म उघडेपर्यंत नाही. दिवसाला दहा हजार ऐंशीचा हिशेब इथेच संपला. बदल सहा-सात ओळींचा होता.

झाडणीसाठी ज्युनिअरला रेडिस हवं होतं, म्हणजे नोंदी मेमरीत ठेवणारी वेगळी सेवा. रेडिसमध्ये प्रत्येक नोंदीला मुदत लावता येते, ती संपली की तो स्वतःच काढून टाकतो, झाडणारा वेगळा लागत नाही. गोष्ट खरी आहे, पण साडेतीनशे मुलांसाठी आणखी एक सेवा चालू ठेवायची, तिची मेमरी बघायची, ती बंद पडली तर पुन्हा सहा वाजता फोन. मी नाही म्हटलं. पीएचपीची शंभरात एकदावाली झाडणी चालू करणं हाही पर्याय होता. पण मग ज्या बिचाऱ्याच्या क्लिकवर ती पाळी येते त्याचं पान तेवढा वेळ लटकतं, आणि साइट निवांत असली तर पाळी येतच नाही. शेवटी जे होतं तेच नीट वापरलं : कोडमधल्या दोन्ही ओळी काढल्या, फोल्डर आणि १२ तासांची मुदत पीएचपीच्या मुख्य सेटिंगमध्ये लिहिली. टायमर आता योग्य पत्त्यावर येतो. एकच काळजी घ्यावी लागते, कमांड लाइनसाठीची सेटिंग फाइल वेगळी आणि वेब सर्व्हरसाठीची वेगळी असते. आधी मी चुकीचीच बदलून बसलो होतो.

१२ तास हा आकडा मालकांशी बोलून ठरवला. सकाळी सहाला आलेलं मूल संध्याकाळी सहाला फोन उचलेल तरी लॉगिन असावं. इथे एक बरं आहे, सेशनमध्ये काही बदललं नाही तरी नुसतं पान उघडलं की पीएचपी त्या फाइलची वेळ ताजी करते. त्यामुळे मुदत शेवटच्या क्लिकपासून मोजली जाते.

या खोदकामात आणखी एक गोष्ट कळली, ती मला आधीच माहीत असायला हवी होती. सेशन-फाइल उघडताना पीएचपी तिचं वय पाहत नाही. फाइल आहे म्हणजे सेशन वैध. कालबाह्य सेशन नाकारलं जातं असं आपल्याला वाटतं, प्रत्यक्षात ते कोणीतरी झाडून टाकलेलं असतं म्हणून सापडत नाही, एवढंच. आमच्याकडे झाडणंच बंद, म्हणजे जूनमध्ये कोणी अभ्यासिकेच्या सामाईक कॉम्प्युटरवर लॉगिन करून तसंच उठलं असेल आणि ब्राउझरने ती कुकी जपली असेल, तर सप्टेंबरातही ते खातं उघडं होतं. काही गैर झाल्याचं दिसलं नाही. पण आता प्रत्येक सेशनमध्ये शेवटच्या वापराची वेळ लिहितो आणि प्रत्येक विनंतीला ती तपासतो. झाडणारा आला नाही तरी १२ तासांनी दार बंद.

त्या २६ हजार फायलींमध्ये सोडून गेलेल्या मुलांचे मोबाइल नंबरही होते. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ सांगतो की ज्या कामासाठी माहिती घेतली ते काम संपलं की ती पुसायची. १७ जणांचा निकाल लागल्यावर गठडीही पुसली.

किरकोळ दोन गोष्टी. फायली गेल्या तरी फोल्डर स्वतः फुगलेलंच राहिलं. ईएक्सटी४मध्ये फोल्डरची आतली यादी वाढते ती आपोआप आकसत नाही, त्यामुळे रिकामं असूनही ते चाळायला वेळ लागत होता. नवं फोल्डर करून जुनं काढून टाकलं. दुसरी अशी की लॉगिन होताना सुरक्षेसाठी आम्ही सेशनचा क्रमांक बदलतो, पण वेगळं सांगितलं नाही तर पीएचपी जुन्या क्रमांकाची फाइल मागे तशीच ठेवते. म्हणजे प्रत्येक लॉगिनमागे एक अनाथ फाइल. आता लगेच जाते.

आणि एक जाता जाता. आमच्या दुसऱ्या एका कामात जँगो ही पायथनमधली वेब फ्रेमवर्क आहे, तिथे सेशन डेटाबेसच्या तक्त्यात असतात. फायली नाहीत म्हणून मी निर्धास्त होतो. त्या मंगळवारी उघडून पाहिलं. जँगो मुदत संपलेलं सेशन स्वीकारत नाही, तेवढं ते चांगलं, पण ओळी पुसतही नाही. त्यासाठी ‘क्लिअरसेशन्स’ ही कमांड आपणच रोज चालवायची असते. आम्ही ती एकदाही चालवली नव्हती. ओळी पुसल्यावर तिथेही तक्ता डिस्कवर लगेच लहान होत नाही, मायएसक्यूएल ती जागा पुढच्या ओळींसाठी राखून ठेवतं. ते प्रकरण मात्र कोणाच्या लक्षात येण्याआधी मिटलं.

हिरव्या दिव्याच्या सेवेला आता एक खोटं खातं दिलंय, ती दर दहा मिनिटांनी खरंखुरं लॉगिन करते आणि लॉगआउटही करते. आयनोड ७० टक्क्यांवर गेले तर मला मेसेज येतो. काकांची वही अजून चालू आहे, आणि ती बंद करा असं मी आता म्हणत नाही.

परवा शुक्रवारी सेशनच्या फायली मोजल्या, ३१२ होत्या. नेहमी अडीचशेच्या आसपास असतात. काकांना विचारलं तर म्हणाले, रविवारी पूर्व परीक्षा आहे, खिडकीतल्या बाटल्याही वाढल्यात.